राखणदाराची चूक

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी फराळाला घरी आला होता. बंगळुरात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आहे. आमच्या सीमाभागातली पुष्कळ मुले आता तिकडेच जातात. मराठी शाळेत शिकलेली, कन्नड बाजारात आणि बसमध्ये शिकलेली, इंग्रजी पोटासाठी शिकलेली अशी ही मुले. चकली मोडता मोडता मी सहज विचारले, "तू तिथं नेमकं करतोस तरी काय?"

"सर, नेटवर्कवरून जाणारी पॅकेटं उघडून तपासणारी सॉफ्टवेअर असतात. त्यांच्यातच सुरक्षेच्या चुका निघतात. त्या दुरुस्त करतो."

"म्हणजे पहारेकऱ्याच्याच घराची मोडकी कडी बसवतोस म्हण की!"

तो हसला. म्हणाला, "तसंच म्हणा. पण कडी बसवणं सोपं असतं, सर. कडी मोडकी होती हे चारचौघांत सांगायचं, ते अवघड."

तो गेला, पण त्याच्या बोलण्याने मला एका जुन्या हिशेबाची आठवण झाली. त्या हिशेबाकडे मी शेवटी येणारच आहे. आधी या मुलाचा धंदा काय आहे तो थोडा समजून घेऊ. विषय नवा असला तरी त्यातला प्रश्न आपल्या घरातला आणि शाळेतला आहे.

आपण संगणकावरून किंवा मोबाइलवरून काहीही पाठवले, पत्र असो, फोटो असो की वीजबिलाचे पैसे असोत, ते एकसंध जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, आत कोणत्या प्रकारचा मजकूर आहे, तो किती लांब आहे, ही माहिती असते. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. कुठे काही अडले, कुणी घुसखोरी केल्याचा संशय आला, तर ही पॅकेटे पकडून, उघडून वाचावी लागतात. १९८८ च्या सुमारास अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी 'टीसीपीडंप' नावाचा प्रोग्राम लिहिला. पुढे कॅन्सस सिटीच्या जेराल्ड कॉम्ब्स यांनी १९९८ मध्ये 'ईथीरिअल' बाहेर काढला. २००६ मध्ये त्यांनी नोकरी बदलली, जुन्या नावाचा हक्क जुन्या कंपनीकडे राहिला, म्हणून त्याचे बारसे पुन्हा झाले आणि तो 'वायरशार्क' झाला. तो फुकट मिळतो, त्याची संहिता कुणालाही वाचता येते, आणि जगभरच्या शेकडो लोकांनी त्यात भर घातली आहे.

हे सॉफ्टवेअर म्हणजे एक दुभाषी आहे. संगणक एकमेकांशी अनेक रीतींनी बोलतात. त्या रीतींना प्रोटोकॉल म्हणतात. वायरशार्कला असे हजारो प्रोटोकॉल कळतात, आणि प्रत्येकासाठी त्याच्या पोटात एक वेगळा छोटा दुभाषी बसवलेला असतो. आपल्या भागातल्या वाचकांना दुभाष्याचे काम सांगायला नको. मराठीत लिहिलेला अर्ज कन्नड कचेरीत नेताना, कन्नडमधली नोटीस आजीला वाचून दाखवताना आपण सगळेच ते करत आलो आहोत. दुभाष्याची एक अडचण असते. त्याला येईल त्याचे ऐकावे लागते. समोरचा सज्जन आहे की लबाड, हे पाहून तो कान बंद करू शकत नाही.

चूक शिरते ती इथेच. समजा, एका लांबलचक पत्राच्या प्रत्येक परिच्छेदाच्या डोक्यावर लिहिले आहे, 'या परिच्छेदात इतक्या ओळी आहेत.' वाचणारा तेवढ्या ओळी ओलांडून पुढच्या परिच्छेदावर जातो. आता कुणी तिथे 'शून्य ओळी' असे लिहिले तर? आज्ञाधारक वाचक शून्य ओळी पुढे सरकतो, म्हणजे तिथेच राहतो, पुन्हा तेच वाचतो, पुन्हा तिथेच राहतो. माणूस दुसऱ्या खेपेला वैतागून पत्र फेकून देईल. यंत्र वीज जाईपर्यंत वाचत बसेल. दुसरा प्रकार याहून वाईट. डोक्यावर 'चार ओळी' लिहिले आहे आणि खाली चाळीस आहेत. उतरवून घेणाऱ्याने चार ओळींपुरता कागद घेतला. तो लिहीतच राहिला तर कागद संपून शाई शेजारच्या वहीवर जाते. ती शेजारची वही मुख्याध्यापकांच्या आदेशांची असेल, तर लबाड माणूस नेमके असे पत्र लिहील की उरलेल्या छत्तीस ओळी म्हणजे नवा आदेशच व्हावा. संगणकात घडते ते थोड्याफार फरकाने असेच.

दुरुस्ती बहुधा अगदी लहान असते. 'लांबी शून्य असेल तर थांब', 'कागदाच्या बाहेर लिहू नकोस', अशा अर्थाच्या एकदोन ओळी. थोडक्यात, परक्याने स्वतःविषयी जे सांगितले ते पडताळून पाहिल्याशिवाय खरे मानायचे नाही. हे कळायला पदवी लागत नाही. पण हजारो दुभाषी, लाखो ओळी आणि वेगवेगळे लिहिणारे हात असले की कुठे ना कुठे पडताळा राहून जातो. २०१७ च्या सप्टेंबरात टीसीपीडंपची जी आवृत्ती निघाली तिच्यात एकाच वेळी नव्वदच्या आसपास सुरक्षा-दोष दुरुस्त केले होते. इतकी वर्षे जाणत्या माणसांनी वापरलेला, नावाजलेला प्रोग्राम तो!

यात प्रत्येक वेळी दुष्टावाच असतो असेही नाही. १९८८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातले प्राध्यापक बार्टन मिलर एका वादळी रात्री घरून टेलिफोनच्या तारेवर संगणकाशी जोडलेले होते. पावसाने तारेवर खरखर सुरू झाली, त्यांनी न लिहिलेली निरर्थक अक्षरे पलीकडे जाऊ लागली, आणि पलीकडचे प्रोग्राम कोसळू लागले. त्यांनी हाच अभ्यासाचा विषय केला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात नव्वदच्या आतबाहेर प्रोग्रामना मुद्दाम अर्थहीन अक्षरे भरवल्याचा वृत्तान्त आहे. त्यांतले चौथाईहून अधिक मोडले किंवा अडकून बसले. हल्ली वायरशार्कचे लोक स्वतःच रात्रंदिवस आपल्या प्रोग्रामला मोडकी पॅकेटे भरवत असतात. दुसऱ्या कुणी चूक काढण्याआधी आपणच काढावी, एवढाच हेतू.

राखणदाराच्या चुकीची गोष्ट आणखी एका कारणाने गंभीर. राखणदाराकडे सगळ्या किल्ल्या असतात. तारेवरचे प्रत्येक पॅकेट पकडायचे तर प्रोग्रामला संगणकावरचा मोठा अधिकार लागतो. मग तोच फसला तर फसवणाऱ्याला तो अधिकार आयता मिळतो. म्हणून वायरशार्कमध्ये पुढे कामाची वाटणी केली गेली. पॅकेट पकडण्याचे काम 'डम्पकॅप' नावाचा एक छोटा प्रोग्राम करतो, अधिकार त्याला. उघडून वाचण्याचे धोक्याचे काम दुसरा करतो, त्याच्या हाती किल्ल्या नाहीत. आपली चूक होणारच हे मान्य करून केलेली ही व्यवस्था आहे. आमच्याकडे तिजोरीची किल्ली एकाकडे आणि वही दुसऱ्याकडे ठेवतात, त्यात शहाणपण तेच.

कुंपणाने शेत खाल्ल्याचे एक ठळक उदाहरण मार्च २००४ चे आहे. इंटरनेट सिक्युरिटी सिस्टिम्स या अमेरिकन कंपनीची संगणकाचे रक्षण करणारी काही उत्पादने होती. येणारी पॅकेटे वाचणाऱ्या त्यांच्या भागात वर सांगितली तशीच, कागदाबाहेर लिहिण्याची चूक होती. 'ईआय' नावाच्या दुसऱ्या कंपनीने ती शोधली, मूळ कंपनीला कळवली, दुरुस्ती तयार झाली, आणि १८ मार्चला दोषाचे वर्णन जाहीर झाले. दोन दिवसही उलटले नव्हते तोच 'विटी' नावाचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा किडा, सुटला. तासाभराच्या आत बारा हजारांच्या आसपास संगणक त्याने गाठले. एक पॅकेट पुरत होते. संगणकात शिरून तो दुसऱ्यांना पॅकेटे पाठवी आणि मधून मधून डिस्कवर कुठेही कचरा लिहून साठवलेली माहिती नासवी. ज्यांनी रक्षणाची तजवीज केली होती तेच त्यात बळी पडले. ज्यांच्या संगणकावर हा पहारेकरी नव्हता त्यांना त्या किड्याची बाधाच झाली नाही.

आता मूळ प्रश्न. दोष सापडला तर तो जाहीर करावा की झाकून ठेवावा?

झाकावा म्हणणाऱ्यांची बाजू हलकी नाही. ते विटीकडे बोट दाखवतील. दोष जाहीर झाला नसता तर किडा इतक्या लवकर निघाला असता का? घराची मागची खिडकी लागत नाही हे गल्लीत ओरडून सांगणे हा कसला सद्गुण? सत्य बोलावे, पण ज्या सत्याने निरपराध माणसाचे नुकसान होते ते बोलू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. पळणाऱ्या माणसाच्या मागावर असलेल्या मारेकऱ्याला वाट दाखवणारा सत्यवादी आपण थोर मानत नाही.

हा वाद संगणकाहून जुना आहे. १८५१ मध्ये लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाला आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपवाला गेला होता. चब कंपनीचे 'डिटेक्टर' कुलूप प्रसिद्ध होते. कुणी त्याच्याशी खटपट केली तर ते अडकून बसे आणि मालकाला कळे. हॉब्जने ते सुमारे पंचवीस मिनिटांत उघडले. ब्रामा कंपनीच्या दुकानात एक कुलूप कित्येक वर्षे आव्हान म्हणून टांगलेले होते, उघडणाऱ्याला दोनशे गिनी. तेही त्याने उघडले. सोळा दिवसांच्या अवधीत एकूण एक्कावन्न तास लागले. इंग्लंडात खळबळ उडाली. असली विद्या उघड करणे म्हणजे चोरांना शिकवणे, असे पुष्कळांचे मत पडले. १८५३ मध्ये चार्ल्स टॉमलिन्सन यांनी संपादित केलेल्या कुलपांवरच्या पुस्तकात त्याला उत्तर दिले गेले. त्याचा आशय असा की, चोरांना त्यांचा धंदा आपल्याआधीच येतो. माहीत नसते ते प्रामाणिक गिऱ्हाइकाला. दोष झाकल्याने चोर अडत नाही, फक्त घरमालक गाफील राहतो.

मला हे उत्तर अर्धे खरे वाटते. चोरांना सगळेच आधी माहीत असते असे नाही. विटीने तेही दाखवले. पण झाकण्याच्या बाजूने जो बोलतो त्याला मी एकच विचारीन. तुम्ही झाकता ते नक्की कुणासाठी? पळणाऱ्या माणसासाठी गप्प बसणारा आपल्यावर जोखीम ओढवून घेतो. चूक झाकणारा आपली जोखीम दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवतो आणि त्याला त्याचा पत्ताही लागू देत नाही. दोघेही गप्पच बसतात. पण एकाच्या गप्प बसण्याला दया म्हणतात आणि दुसऱ्याच्या गप्प बसण्याला लबाडी.

संगणकवाल्यांनी या पेचातून काढलेली वाट मला नीतिशास्त्राच्या दृष्टीने विचार करण्यासारखी वाटते. ज्याला दोष सापडला त्याने आधी तो कर्त्याला गुपचूप सांगायचा. कर्त्याला दुरुस्तीसाठी मुदत द्यायची. दुरुस्ती निघाली की दोष सर्वांना सांगायचा. आणि कर्ता नुसता झोपून राहिला तर मुदत संपताच, दुरुस्ती असो वा नसो, सांगायचे. गूगलच्या 'प्रोजेक्ट झीरो' या २०१४ मध्ये सुरू झालेल्या गटाने ही मुदत नव्वद दिवसांची धरली. म्हणजे गुप्तता आहे, पण तिला शेवटची तारीख आहे. आपण 'योग्य वेळी सांगू' म्हणतो आणि ती योग्य वेळ कधी येतच नाही, कारण तिची तारीख आपण कधी लिहून ठेवलेली नसते.

वायरशार्कचे लोक दोष दुरुस्त केला की त्याला वर्षासह क्रमांक देतात. कोणत्या आवृत्त्यांत तो होता, त्याने काय होऊ शकत होते, कोणती आवृत्ती घ्यावी, हे लिहून प्रसिद्ध करतात. शोधणाऱ्याचे नावही देतात. बाहेरच्याला ती यादी पाहून वाटेल, किती चुका या! पण ज्या प्रोग्रामची अशी यादीच नाही त्याच्यात चुका नाहीत असे कोण म्हणेल? नापासांचा आकडा न लावणारी शाळा शंभर टक्के निकालाची शाळा ठरत नाही. आणि जाहीर करण्याचा खरा उपयोग गिऱ्हाइकाला. दुरुस्ती तयार आहे पण बसवली नाही, असे असंख्य संगणक असतात. धोका काय होता हे कळल्याशिवाय माणूस उठून कडी बसवत नाही. सांगणाऱ्याचे कर्तव्य संपले की ऐकणाऱ्याचे सुरू होते.

चूक जाहीरपणे कबूल केली की वचक जातो, असे आम्हां शिक्षकांना फार वाटते. १९१९ मध्ये लोकांची पुरेशी तयारी नसताना आपण कायदेभंगाची हाक दिली, ही आपली पर्वताएवढी चूक, असे गांधीजींनी सभेत सांगितले आणि सत्याग्रह थांबवला. त्यांची पुष्कळ थट्टा झाली. पण पाचच वर्षांनी, १९२४ मध्ये, आमच्या बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा अध्यक्षस्थानी तेच होते. कबुलीने माणूस लहान होतो हे त्या उदाहरणावरून तरी दिसत नाही.

हे सगळे मी वर्गात शिकवू शकतो. आता तो जुना हिशेब सांगतो.

नोकरी लागून मला दोनतीन वर्षे झाली होती. नववीची वार्षिक परीक्षा होऊन निकाल लागला होता. सुट्टीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधताना एका मुलाच्या पेपरातून पुरवणी खाली घसरली. तिच्यावर माझ्याच लाल शाईने दिलेले अकरा गुण होते, आणि ते बेरजेत धरलेलेच नव्हते. मुलगा माझ्या विषयात सात गुणांनी नापास होता, आणि तेवढ्यावरच त्याचे वर्ष गेले होते. मी ती पुरवणी हातात घेऊन बराच वेळ बसलो. वरिष्ठांकडे गेलो असतो तर एका सहीचे काम होते. पण 'कडक आणि बिनचूक' असे माझे नाव झाले होते. निकाल लागून गेला, आता गडबड नको, पालकांचा विश्वास उडेल, शाळेचे नाव जाईल, अशी सगळी कारणे मला भराभर सुचली. शाळेच्या नावाआड मी माझे नाव झाकत होतो. पुरवणी मी गठ्ठ्यात खोल सरकवली आणि सुतळी बांधली.

मुलगा पुन्हा नववीत बसला. पुढे दहावी झाला, शिक्षण सोडले, आज त्याचे दोन टेम्पो आहेत. बाजारात भेटला की वाकून नमस्कार करतो आणि बरोबरच्यांना सांगतो, "सरांनी नापास केलं म्हणून मी सुधारलो." गेली कित्येक वर्षे मी ते हसून ऐकून घेत आलो. न केलेल्या उपकाराचे आभार घेण्याइतके दुसरे अवघड काम मला माहीत नाही. शिवाय त्या वाक्यात आणखी एक नुकसान होते. आपण नापास होण्याच्याच लायकीचे होतो, असे त्या माणसाने इतकी वर्षे धरून ठेवले होते.

त्या विद्यार्थ्याच्या भेटीनंतर मी टेम्पोवाल्याच्या घरी गेलो आणि सगळे सांगितले. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग विचारले, "किती मार्क होते, सर?"

"अकरा."

"मग मी पास होतो."

"होय. पास होतास."

त्याने बायकोला चहा ठेवायला सांगितले. क्षमा केली असे तो म्हणाला नाही आणि मीही विचारले नाही. बाजारात आता नमस्कार करतो, पण ते वाक्य बोलत नाही. ते बरेच झाले.

वेळेत झाली असती तर ती दुरुस्ती ठरली असती. इतक्या उशिरा झाली ती नुसती कबुली. तिने त्याचे वर्ष परत आले नाही. मुदतीची गोष्ट मला संगणकवाल्यांकडून पटली ती एवढ्यासाठी.

आमच्या शाळेत या वर्षापासून एक पद्धत सुरू केली आहे. परीक्षेनंतर आठ दिवस उत्तरपत्रिका मुलांच्या हातात राहतात. ज्याला तपासणीतली चूक सापडेल त्याने ती आधी त्या शिक्षकाला दाखवायची. शिक्षकाने तीन दिवसांत दुरुस्त करायची. केली नाही तर माझ्याकडे यायचे. दुरुस्ती झाली की शिक्षकांच्या खोलीतल्या एका वहीत नोंद होते: कोणाची चूक, कोणी शोधली, काय दुरुस्त केले. पहिल्या दिवशी सहकाऱ्यांनी कुरकुर केली. वही कोरीच राहील असेही कुणी म्हणाले. म्हणून पहिली नोंद मीच केली. विषय मराठी, इयत्ता नववी, बेरजेत न धरलेले गुण अकरा. 'कोणी शोधली' या रकान्यात माझेच नाव आहे, आणि दुरुस्तीचा रकाना रिकामा आहे.